नाव एक, खाती अनेक

व्यापारात मालाहून मोठे भांडवल म्हणजे पत, आणि पत चालते ती नावावर. आपल्या वहीखात्याची भाषाच पाहावी. एका अंगास जमा, दुसऱ्या अंगास नावे. ज्याने माल उचलला त्याच्या नावे रक्कम पडते, आणि ती फिटेपर्यंत त्या नावाला स्वस्थता नसते. ‘नावे टाकणे’ या दोन शब्दांत व्यापाराची सारी जबाबदारी सामावली आहे. म्हणूनच रक्कम नेमक्या कोणाच्या नावे पडते आहे याची खातरी करून घेणे हे आपले आद्य कर्तव्य होय. या साध्या गोष्टीकडे अलीकडे दुर्लक्ष होऊ लागले आहे असे आमचे नम्र मत असून, यंदाच्या स्मरणिकेत त्याविषयी चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

यास निमित्तही तसेच आहे. पेडण्याच्या सभासदांची यादी निराळी, डिचोलीची निराळी, सरहद्दीपलीकडील बंधूंची निराळी. या सर्व संगणकावर चढवून त्यांची एकच यादी करावी, असा विचार आपल्या संघात चालू आहे. घरोघरही हेच चालले आहे. वडिलांची पेढी एकीकडे, धाकट्या बंधूंची वखार दुसरीकडे, चिरंजीवांची शाखा तिसरीकडे; प्रत्येकाचा संगणक आणि प्रत्येकाची खाती वेगळी. आता ती एका ठिकाणी आणावयाची आहेत. हेतू उत्तम आहे. परंतु तरुण मंडळींपैकी काहींचा असा समज दिसतो की, कळ दाबली की सारखी नावे आपोआप एकत्र होतील आणि काम संपेल. आम्हांला भीती वाटते ती याच ‘आपोआप’ शब्दाची.

याद्या एकत्र करताना नावांचा घोटाळा दोन परींनी होतो. एक तर नाव एक असते आणि त्यामागे माणसे किंवा वस्तू दोन असतात. नाहीतर वस्तू एकच असते आणि तिची नावे दोन असतात. पहिल्या परीत दोघांची खाती एक होतात, दुसरीत एकाची दोन होतात. दोन्ही दोषच, पण दोहोंत पहिला फार घातक आहे. दोन पोती वेगळी ठेवली असली तर ती केव्हाही एका राशीत ओतता येतात. एकदा ओतलेली रास मात्र पुन्हा ज्याच्या त्याच्या पोत्यात घालता येत नाही. धान्याच्या व्यापाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून आमचा मुख्य मुद्दा आम्ही प्रारंभीच सांगून टाकतो: संशय असेल तेथे खाती वेगळी राहू द्यावीत, खातरी झाल्यावाचून ओतू नयेत.

आपल्या मुलखाचीच उदाहरणे घ्यावीत. केरी हे गाव पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. नुसते ‘केरी’ म्हणून माल पाठविला तर तो समुद्रकाठी जावयाचा की घाटाच्या पायथ्याशी, हे गाडीवाल्यास कसे कळावे? दोडामार्ग हे नाव सरहद्दीच्या दोन्ही अंगांस चालते. आमच्या इब्रामपुराचेच घ्या. इब्राहिमपूर नावाची गावे देशात अनेक आहेत, आणि एखाद्या अक्षराच्या फेरफाराने आमचे गाव त्यांच्यांत सहज मिसळून जाईल. परंतु आपल्या लोकांनी यावर तोड कधीच काढलेली आहे. कोणी शिकविल्यावाचून माणसे ‘केरी-तेरेखोल’, ‘केरी-सत्तरी’ असे म्हणतात. नाव बदलले नाही, नावाला ठिकाण जोडले. खतावणीतही आपल्या वडीलधाऱ्यांनी हेच केले. गावकर, गावडे, नाईक ही आडनावे तर घरोघरची. म्हणून खात्याच्या माथ्यावर नाव, त्यापुढे गाव, आणि जरूर पडल्यास कोणाच्या मारफत आला तेही लिहिले जाई. रोजकीर्दीच्या नोंदीसमोर खतावणीचे पान मांडले जाई. तो पानाचा आकडा हाच त्या माणसाचा खरा क्रमांक होता.

दुसऱ्या परीची उदाहरणेही कमी नाहीत. १७८८ साली पेडणे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला, आणि पुढे १९६१ च्या डिसेंबरापर्यंत सरकारी दप्तरात त्यांच्या धाटणीची नावे चालली. पेडण्याचे ‘पर्नेम’ झाले, डिचोलीचे ‘बिचोलिम’. रोमी लिपीत आजही तीच चालतात. माणूस दोन्ही ऐकतो आणि समजतो. संगणकास मात्र ती दोन गावे वाटतात. मालाचेही तसेच आहे. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात त्याला देशावर हुलगा म्हणतात. नाचणी कोठे नागली होते, घाटापलीकडे बेळगावच्या बाजूस रागी होते. दोन शाखांच्या याद्या जोडल्या आणि एकीत कुळीथ, दुसरीत हुलगे असले, तर शिल्लक मालाचा हिशेब दोन जागी विभागला जातो आणि वखारीत माल असूनही आपण नवा मागवून बसतो.

आता आपल्या पेढ्यांच्या नावांकडे वळू. आपल्या समाजात पेढीला तीर्थंकरांचे नाव देण्याची चाल आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे प्रत्येक बाजारपेठेत एखादे महावीर, एखादे पार्श्वनाथ, आदिनाथ, शांतिनाथ किंवा अरिहंत भेटतेच. पाच पेठांच्या याद्या जोडल्या तर पाच महावीर एकाखाली एक येतील. मग काय, चौघांस नावे बदलावयास सांगावयाचे? ही सूचना कोणाच्याही मनात येऊ नये. नाव हे श्रद्धेने ठेवलेले असते, त्यामागे वाडवडिलांची पुण्याई असते. यादी करणाऱ्याच्या सोयीसाठी ते कोणी का सोडावे?

यावरचा मार्ग आपल्याच परंपरेत आहे. चोवीस तीर्थंकरांच्या मूर्ती पाहाव्या. तीच ध्यानमुद्रा, तीच शांती. त्या ओळखावयाच्या कशा? आसनावरील लांछनाने. ऋषभनाथांचा वृषभ, शांतिनाथांचा मृग, पार्श्वनाथांचा सर्प, महावीरांचा सिंह. त्यातही एकविसावे नमिनाथ आणि बाविसावे नेमिनाथ यांच्या नावांत केवळ एका मात्रेचे अंतर. पण एकाचे लांछन नीलकमल आणि दुसऱ्याचा शंख. फोंडा तालुक्यात बांदिवडे येथे नेमिनाथ बस्तीचे जुने अवशेष उभे आहेत. लिहिणाऱ्याच्या हातून एक मात्रा गळली की ती बस्ती दुसऱ्याच तीर्थंकरांची ठरेल. नाव हे हाक मारण्यासाठी, लांछन हे ओळख पटविण्यासाठी. दोन्ही लागतात, आणि एकाचे काम दुसऱ्याकडे सोपवू नये. याद्यांच्या कामातही आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे.

सरकारदरबारी आणि मोठ्या संस्थांतही हाच अनुभव आला आहे. पहिले उदाहरण आपल्या धंद्यातलेच. मण हा शब्द साऱ्या देशात एक. पण बंगाली मण सुमारे ३७.३२ किलोचा, मुंबईचा जुना मण सुमारे १२.७० किलोचा, आणि मद्रासचा सुमारे ११.३४ किलोचा. वीस मणांची खंडी म्हणावी, तर ती कोणत्या मणाची हे आधी विचारावे लागे. सौदा ‘मणा’वर ठरला आणि मण कोठला हे लिहावयाचे राहिले, म्हणजे तंटा ठरलेलाच. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरापासून मेट्रिक वजने येऊ लागली आणि १९६२ च्या एप्रिलापासून ती सक्तीची झाली. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, कोणाचा मण खरा यावर वाद न घालता सर्वांच्या वर एक नवे माप ठेवले गेले, आणि जुन्या मापांची नव्याशी कोष्टके छापून दिली गेली. जुने नाव बाजारात राहिले, हिशेब मात्र किलोत झाला.

दुसरे उदाहरण टपालाचे. सारख्या नावांची गावे, चुकीचे पत्ते आणि निरनिराळ्या भाषालिप्या यांमुळे पत्रे भलतीकडे जात. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन कोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्याचे ज्येष्ठ अधिकारी, आणि संस्कृतचे नामांकित कवी. शब्दांवर ज्याचे एवढे प्रेम, त्याच गृहस्थाने शब्दांवर विसंबून न राहता आकड्यांची जोड दिली, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. त्यांनी एकाही गावाचे नाव बदलले नाही. आपल्या गोव्याच्या पत्त्यापुढे ४०३ ने आरंभ होणारा आकडा आला, इतकेच. मात्र एका पिन कोडात अनेक गावे असतात, तेव्हा आकडा आला म्हणून गावाचे नाव गाळू नये, हेही खरे.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे, आणि आपणांपैकी अनेकांनी अनुभवलेले. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. पैसे पाठविण्यासाठी प्रत्येक शाखेस जो अकरा खुणांचा आयएफएस कोड असतो, त्यात पहिली चार अक्षरे बँकेची, मग एक शून्य आणि शेवटच्या सहा खुणा शाखेच्या. आता सिंडिकेटची चार अक्षरे जाऊन कॅनराची आली, तर दोन्ही बँकांच्या सारख्या क्रमांकाच्या शाखा एकमेकींवर आदळणार. बँकेने साधी युक्ती केली. सिंडिकेटच्या शाखाक्रमांकात दहा हजार मिळविले. समजा एखाद्या शाखेचा क्रमांक १२३४ असेल, तर तो ११२३४ झाला. जुना क्रमांक पोटात तसाच राहिला, आणि पुढच्या एका आकड्यावरून शाखा मूळची कोणाची हे कळू लागले. जुने कोडही लागलीच न मोडता ३० जून २०२१ पर्यंत चालू ठेवले, म्हणजे लोकांना धनादेश, पावत्या आणि छापील कागद बदलण्यास अवधी मिळाला. दोन घरे एक होताना कसे वागावे याचा हा चांगला पाठ आहे.

चौथे उदाहरण जीएसटी क्रमांकाचे. १ जुलै २०१७ पासून तो आपल्या पाटीवर आहे. पण त्याची घडण किती जणांनी निरखून पाहिली आहे? त्यात पंधरा खुणा आहेत. पहिले दोन आकडे राज्याचे. गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. पुढच्या दहा खुणा म्हणजे धन्याचा पॅन. त्यानंतर त्याच राज्यातील कितवी नोंदणी ते, आणि अगदी शेवटची खूण पडताळ्याची, म्हणजे लिहिताना चूक झाली तर उघडकीस यावी म्हणून. ज्या बंधूचे एक दुकान पेडण्यास आणि एक सावंतवाडीस आहे, त्याचे क्रमांक दोन. पण मधल्या दहा खुणा एकच. म्हणजे दुकाने दोन हे वरून कळते आणि धनी एक हे आतून कळते. आमच्या मते चांगल्या खुणेचे लक्षण हेच: ती वेगळ्यास वेगळे ठेवते आणि नाते लपवीत नाही.

पॅनमधील चौथे अक्षरही जाणून घेण्याजोगे आहे. व्यक्तीचे ‘पी’, भागीदारी पेढीचे ‘एफ’, कंपनीचे ‘सी’ आणि अविभक्त कुटुंबाचे ‘एच’. आपल्या समाजात अविभक्त कुटुंबाची खाती पुष्कळ. कर्त्याचे स्वतःचे खाते आणि कुटुंबाचे खाते यांवर नाव तेच. फरक फक्त पुढे लावलेल्या एच.यू.एफ. या अक्षरांचा. ही अक्षरे यादीत गळली आणि दोन्ही खाती एक झाली, तर भावाभावांचा हिस्सा आणि एकट्याची कमाई यांची गल्लत होते. अशा गल्लतीतून घराघरांत जी कटुता येते ती कोणत्याही तोट्याहून मोठी असते.

येथवर माणसांची आणि पेढ्यांची नावे झाली. तितकाच घोटाळा रकान्यांच्या नावांत होतो, आणि त्याकडे कोणाचेच लक्ष नसते. एका शाखेच्या यादीत ‘दर’ आहे, दुसरीतही ‘दर’ आहे. एकीत तो खरेदीचा, दुसरीत विक्रीचा. याद्या जोडल्या की एक दर दुसऱ्यास झाकून टाकतो, अथवा दोन्ही एकाच रकान्यात बसतात आणि नफ्याचा आकडा खोटा पडतो. ‘वजन’ म्हणजे बारदानासह की निव्वळ? ‘तारीख’ म्हणजे माल निघाल्याची की पोहोचल्याची? ‘रक्कम’ करासह की करावाचून? आणि ‘पोते’? पूर्वी पोते म्हटले की ठरावीक वजन डोळ्यांपुढे येई. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या छापील वेष्टनातील धान्यावर पाच टक्के कर आला, आणि त्यानंतर तांदळाची सव्वीस व तीस किलोंची पोतीही बाजारात दिसू लागली. पन्नास किलोंचे पोते आहेच. अशा स्थितीत ‘शंभर पोती’ या शब्दांना अर्थ काय? तांदळातही ‘कोलम’ एवढेच लिहून भागत नाही. वाडा कोलम आणि सुरती कोलम यांचा भाव एक नाही, आणि गिऱ्हाइकाची जीभही फसत नाही.

हे सारे लिहिण्याचे कारण केवळ हिशेबाचे नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका पेढीत दोन दुकानांच्या उधारीच्या याद्या नावावरून एकत्र केल्या गेल्या. एकाच नावाचे व आडनावाचे दोन दुकानदार होते. एक अलीकडच्या गावचा, एक सरहद्दीपलीकडचा. पलीकडच्याची थकबाकी अलीकडच्याच्या नावे पडली, आणि वसुलीचा माणूस भर आठवडी बाजारात त्याच्या दुकानी जाऊन उभा राहिला. तो दुकानदार लहान, पण देण्याघेण्यास चोख. दुसऱ्या दिवशी तो सर्व पावत्या फडक्यात बांधून पेढीवर आला. चूक तत्काळ उमगली, क्षमाही मागितली गेली, खाते दुरुस्त झाले. तो पाणी प्यायला, नमस्कार केला आणि गेला. पुन्हा त्या पेढीची पायरी चढला नाही. वहीतील आकडा खोडता येतो. चारचौघांत थकबाकीदार म्हणून उच्चारलेले नाव खोडता येत नाही. अचौर्य आणि सत्य ही व्रते आपण मानतो. तेव्हा दुसऱ्याचे चांगले नाव आपल्या निष्काळजीपणाने हिरावले जाऊ नये, हेही त्यांतच येते असे आम्ही समजतो.

यावर काही बंधू म्हणतील की माणसाला क्रमांक देणे हे माणुसकीला सोडून आहे, आणि वयस्कर गिऱ्हाइकास क्रमांक लक्षात राहणार नाही. हा आक्षेप आम्ही तुच्छ मानीत नाही. परंतु क्रमांक गिऱ्हाइकाने लक्षात ठेवावयाचा नाही, तो आपण ठेवावयाचा आहे. त्यास आपण नावानेच हाक मारावी, वाडीचे आणि घरच्यांचे कुशल विचारावे; क्रमांक वहीत राहावा. दुसरे कोणी म्हणतील, एवढी पडताळणी करण्यास सवड कोठे आहे? त्यांस आमचे उत्तर असे की, ओतण्यापूर्वी पोते उघडून पाहण्यास जेवढा वेळ लागतो तेवढाच हा वेळ आहे, आणि ओतल्यानंतर रास निवडण्यास लागणाऱ्या वेळाशी त्याची तुलनाच नाही.

तेव्हा संघाच्या आणि आपापल्या याद्या एकत्र करण्यापूर्वी पुढील पाच गोष्टी पाळल्या जाव्यात, अशी आमची सूचना आहे.

पहिली: प्रत्येक जागेची जुनी क्रमवारी मोडू नये, क्रमांकामागे जागेचे अक्षर लावावे. पेडण्याचा सतरा तो ‘पे-१७’, डिचोलीचा सतरा तो ‘डि-१७’. दोघेही आपापल्या ठिकाणी सतराच राहतील आणि एकमेकांस धक्का देणार नाहीत.

दुसरी: केवळ नाव जुळले म्हणून दोन खाती एक करू नयेत. जीएसटी क्रमांक किंवा पॅन जुळावा. लहान दुकानदाराकडे जीएसटी क्रमांक असतोच असे नाही. तेथे गाव, वाडी आणि दूरध्वनी जुळवावा, आणि तरीही संशय राहिल्यास त्या गृहस्थासच विचारावे.

तिसरी: रकान्याचे नाव पुरते लिहावे. ‘दर’ नव्हे, ‘खरेदी दर, क्विंटलास’; ‘वजन’ नव्हे, ‘निव्वळ वजन, किलोत’. दोन अक्षरे वाचविण्याच्या हौसेने पुढे दोन दिवस खर्ची पडतात.

चौथी: पर्यायी नावांचे एक कोष्टक करावे. पेडणे आणि पर्नेम, कुळीथ आणि हुलगा, जुना क्रमांक आणि नवा क्रमांक समोरासमोर मांडावे. जुन्या याद्या आणि जुन्या वह्या किमान नव्या यादीचा विश्वास बसेपर्यंत जपून ठेवाव्यात.

पाचवी: हे काम कोणा एकाच्या जबाबदारीवर असावे, आणि त्याने जोडलेल्या प्रत्येक दोन खात्यांपुढे तारीख व कारण नोंदवावे, म्हणजे कोणी विचारले तर उत्तर देता येईल.

संगणकाशी आमचे वैर नाही. आमच्या पेढीवरही तो आहे, आणि बेरजेत त्याचा हात कोणी धरणार नाही. परंतु दोन सारख्या नावांमागे एक माणूस आहे की दोन, हे त्याला आपणच सांगावे लागते. ते सांगण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. ती खतावणीच्या माथ्यावर, गावच्या बोलण्यात आणि मंदिरातील आसनांवर पूर्वीपासून आहे. तरुण बंधूंनी ती वडीलधाऱ्यांकडून विचारून घ्यावी, आणि वडीलधाऱ्यांनीही ती वहीबरोबर बासनात न बांधता त्यांच्या हाती द्यावी. नवी यादी तयार होईल तेव्हा प्रत्येक सभासदाने आपले नाव, गाव आणि क्रमांक स्वतः पाहून घ्यावा, आणि शेजारच्या सारख्या नावाचाही पाहावा, इतकी विनंती करून आम्ही हे लिखाण पुरे करतो.